जुनं दुकान, नवी पाटी

"मुलगी मोबाइल खाली ठेवतच नाही," ही तक्रार आता घरोघरी ऐकू येते. आपण रागावतो, फोन काढून घेतो. पण तिला तिथे धरून कोण ठेवतं, आणि कसं, हे आपण कधी पाहिलं आहे का?

इथे अंबाडीत शाळकरी मुलींना फेसबुकचं विचारलं, तर हसून म्हणतात, "बाई, ते आईबाबांचं!" गंमत अशी, की २००४ साली फेसबुक निघालं ते कॉलेजच्या मुलांसाठीच. २००६ मध्ये ते तेरा वर्षांवरच्या सर्वांना खुलं झालं. हळूहळू काका, मामी, सासूबाईही तिथे आल्या. आणि मोठी माणसं येऊन बसली, की पोरं काढता पाय घेणारच!

मग कंपनीनं काय केलं? नाक्यावरचा हुशार दुकानदार करील तेच. मुलं ज्या नव्या दुकानाकडे वळली, ते इन्स्टाग्रामच २०१२ मध्ये शंभर कोटी डॉलरना विकत घ्यायचं ठरवलं. जे हाती आलं नाही, त्याचा माल आपल्याकडे मांडला. चोवीस तासांत नाहीशी होणारी चित्रं मूळची स्नॅपचॅटची. २०१६ मध्ये ती 'स्टोरीज' म्हणून इन्स्टाग्रामवर आली. जून २०२० मध्ये भारतात टिकटॉकवर बंदी आली, आणि जुलैत इथे 'रील्स' सुरूसुद्धा झाल्या! ऑर्कुटला हे साधलं नाही. २०१४ मध्ये ते बंद झालं.

आलेली मुलं टिकतात ती दोन कारणांनी. एक, मैत्रिणी तिथेच असतात. दुसरं, तिथे शेवटच नाही. मासिक संपतं, सिनेमा संपतो. रील्स संपत नाहीत. एक सरली की आवड हेरून दुसरी पुढे हजर! मुलगी जितका वेळ बसेल, तितक्या जाहिराती दिसणार आणि तितकी कंपनीची कमाई.

म्हणून शेवट आपणच ठरवायचा. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावानं २०२२ मध्ये तो ठरवला. संध्याकाळी सातला भोंगा वाजायचा आणि दीड तास टीव्ही, मोबाइल बंद! आपल्या घरी भोंगा नको, घड्याळ पुरे. शिवाय मुलीच्या खात्यावर जन्मतारीख खरी घाला. २०२५ पासून भारतातही इन्स्टाग्रामवर 'टीन अकाउंट' आहे. सोळा वर्षांखालच्या मुलांना त्यातली बंधनं सैल करायला पालकांची परवानगी लागते.

आणि हो, त्या ठरलेल्या वेळात आपलाही फोन कपाटात हवा!