कॉर्नफ्लॉरचा बर्फ : सिनेमातला आवाज कोण घडवतं?

बोलायला सुरुवात करण्याआधी आपण सभागृहातले दिवे घालवले होते आणि पडद्याआडून तुम्हाला एक आवाज ऐकवला होता. करकर, करकर, जरा थांबून पुन्हा करकर. हा कसला आवाज, असं विचारल्यावर बरीच उत्तरं आली. त्यातलं एक अनेकांनी दिलं : बर्फातून कुणीतरी चालतंय. जे हे नंतर वाचणार आहेत त्यांच्यासाठी सांगतो, पडद्याआड आम्ही कापडी पिशवीत कॉर्नफ्लॉर भरून ती पिशवी मुठीत दाबत होतो. मंचुरियनला लावतात तेच कॉर्नफ्लॉर.

मग आम्ही दुसरा प्रश्न विचारला. इथे बसलेल्यांपैकी ताज्या बर्फातून प्रत्यक्ष चाललेले किती? मोजकेच हात वर झाले. गंमत इथेच आहे. ज्यांनी बर्फावर पाऊलच टाकलेलं नाही, त्यांनीही बर्फाचा आवाज लगेच ओळखला. तो त्यांना कुणी शिकवला? सिनेमाने. आणि सिनेमाने कशावरून शिकवला? बऱ्याचदा अशाच एखाद्या पिशवीवरून.

हे फक्त बर्फापुरतं नाही. लहानपणी मारामारीचा खेळ खेळताना आपण सगळ्यांनीच तोंडाने ‘ढिशूम’ केलेलं आहे. खरा ठोसा असा वाजत नाही. बसका, जेमतेम ऐकू येईल असा ‘थप्प’ होतो आणि संपतो. पण पडद्यावरचा ठोसा तसा वाजला तर आपणच म्हणू, ‘लागलंच नाही त्याला.’ म्हणजे जगातल्या कितीतरी गोष्टींचे ‘खरे’ आवाज आपल्या कानात बसलेत ते मुळात बनवलेले आहेत. आजच्या व्याख्यानात हे आवाज कसे बनतात ते आपण बघू, आणि आपण त्यांच्यावर इतक्या सहज विश्वास का ठेवतो, तेही.

एका दृश्यातले पाच थर

एक साधं दृश्य घेऊ. रात्रीची वेळ. चाळीच्या लाकडी जिन्यावरून एक बाई वर येते, कुलूप उघडते, हातातली पिशवी खाली ठेवते आणि आतल्या माणसाला म्हणते, “अजून झोपला नाहीत?” एवढंच.

शूटिंगच्या वेळी माइकचा सगळा रोख तिच्या तोंडाकडे असतो. संवाद स्वच्छ मिळणं हे तिथलं पहिलं काम. पायऱ्यांची कुरकुर, बांगड्या, पिशवी टेकल्याचा आवाज हे आलेच तर अर्धेमुर्धे येतात. शिवाय जिना सेटचा असला तर तो प्लायवुडचा, पोकळ वाजणारा. म्हणून नंतर ही ध्वनिपट्टी थर देत देत उभी केली जाते.

पहिला थर संवादांचा. दुसरा फॉलीचा, म्हणजे माणसाच्या हालचालीतून निघणाऱ्या आवाजांचा : पावलं, कपड्यांची सळसळ, हाताळलेल्या वस्तू. तिसरा इफेक्ट्सचा, म्हणजे बंदूक, गाडी, स्फोट असे आवाज. चौथा अॅम्बियन्सचा, म्हणजे त्या जागेचा स्वतःचा आवाज : शेजारचा टीव्ही, गॅलरीतलं बोलणं, लांबून जाणारी लोकल. पाचवा संगीताचा. या सगळ्यातून काय ऐकू यावं आणि काय येऊ नये याचा विचार म्हणजे साउंड डिझाइन. शेवटी कुठला आवाज किती, हे ठरवून सगळे एकत्र आणणं म्हणजे मिक्सिंग.

शांततासुद्धा मुद्रित करावी लागते, बरं का. चित्रीकरण झालं की सगळ्यांना गप्प उभं करून त्या खोलीचा नुसता आवाज थोडा वेळ टिपून घेतात. त्याला रूम टोन म्हणतात. संवादांच्या मधल्या फटी त्याने भरायच्या. तिथे आवाज पूर्ण बंद केला तर प्रेक्षकाला शांतता वाटत नाही, स्पीकर बिघडला असं वाटतं.

फॉली हे एका माणसाचं नाव

फॉली हा शब्द जॅक फॉली यांच्या आडनावावरून आला. ते हॉलीवूडमध्ये युनिव्हर्सल स्टुडिओत काम करत. १९२७ मध्ये ‘द जॅझ सिंगर’ आला आणि बोलपटांची लाट उसळली. युनिव्हर्सलचा ‘शो बोट’ तोवर मूकपट म्हणून तयार होत होता. त्याला आवाज जोडायचं ठरलं. समोर पडद्यावर चित्र चालू, बाजूला वाद्यवृंद, आणि फॉली व त्यांचे सहकारी चित्राकडे बघत त्याच क्षणी टाळ्या, गलका, हालचालींचे आवाज काढतायत, असं ते काम होतं. १९२९ चा हा चित्रपट. चित्र बघत आवाज ‘वठवण्याची’ ही रीत आजही तीच आहे.

आपल्याकडे १४ मार्च १९३१ ला मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये ‘आलम आरा’ लागला. तेव्हा आवाज चित्रासोबत जागेवरच मुद्रित होत असे. स्टुडिओजवळून रेल्वे जायची, म्हणून बरंचसं चित्रीकरण गाड्या थांबल्यावर, मध्यरात्रीनंतर करावं लागलं. पुढच्या काळात आवाज करणारे हलके कॅमेरे आले, बाहेर चित्रीकरण वाढलं आणि हिंदी सिनेमाने जागेवरचा आवाज जवळपास सोडूनच दिला. संवाद नंतर डब करायचे, बाकी सगळं नंतर भरायचं. २००१ च्या ‘लगान’नंतर जागेवरचा आवाज वापरण्याची पद्धत, म्हणजे सिंक साउंड, हिंदीत पुन्हा रुजू लागली.

मग प्रश्न येतो : आता जागेवरचाच आवाज मिळतो, तर फॉली कशाला? याचं एक अगदी व्यवहारी उत्तर आहे. एखादा सिनेमा दुसऱ्या भाषेत डब करताना मूळ संवादांची पट्टी काढून टाकावी लागते. तिच्यासोबत त्या पट्टीत मिसळलेली पावलं, दारं, भांडीही जातात. माणसं नव्या भाषेत बोलतील, पण भुतांसारखी, पाय न वाजवता हिंडतील. म्हणून संवाद सोडून बाकी सगळे आवाज असलेली वेगळी पट्टी तयार ठेवतात. तेलुगू किंवा कन्नड सिनेमा आपण हिंदीत बघतो तेव्हा बोलणं बदललेलं असतं, पायरव मात्र तोच असतो.

फॉलीची खोली

फॉली स्टुडिओ पहिल्यांदा बघणारा माणूस म्हणतो, ही तर अडगळीची खोली! जमिनीत चौकोनी खड्डे : एकात खडी, एकात वाळू, एकात माती, बाजूला फरशी, लाकडी फळ्या. भिंतीला टेकून जुनी दारं, कडीकोयंडे, सायकलचं चाक. आणि चपला-बुटांचा ढीग. नारळाच्या करवंट्यांनी घोड्याच्या टापा होतात. चामड्याचे हातमोजे फडफडवले की पक्षी उडतो. सेलेरीची जुडी पिळली की हाड मोडतं. हिचकॉकच्या ‘सायको’तले सुरीचे वार आठवा. त्यांच्यासाठी वेगवेगळ्या जातींच्या खरबुजांवर सुरी चालवून बघितली गेली होती.

पण युक्त्यांची यादी म्हणजे ही कला नव्हे. फॉली कलावंत अर्थाने नटच असतो. आपल्या चाळीतल्या बाईकडे परत येऊ. ती दमलीय की घाबरलीय? वर कुणी जागं असू नये असं तिला वाटतंय का? अभिनेत्रीच्या चेहऱ्यावर जे आहे ते पावलांतही यायला हवं. दमलेलं पाऊल सपाट पडतं, पुढच्या पायरीआधी रेंगाळतं. चोरपावलात वजन आधी चवड्यावर येतं, टाच उशिरा टेकते. हे सगळं पडद्यावरच्या पायांशी ताल धरून, एकेका पात्रासाठी वेगळं करायचं. आधी सगळी पावलं, मग कपडे, मग वस्तू, अशा फेऱ्या होतात. एवढं करून काम चांगलं झालं, तर ते केलंय हे कुणाच्या लक्षातही येत नाही.

आपण फसतो कसे?

करवंटी आणि घोडा यांचा संबंध काय? खरं तर काहीच नाही. तरी आपण फसतो. फ्रेंच अभ्यासक मिशेल शियाँ यांनी याला ‘सिंक्रेसिस’ असं नाव दिलं. एक दृश्य आणि एक आवाज एकाच क्षणी घडले की मेंदू दोघांची गाठ मारून टाकतो. आवाज खरा आहे का, हे तो तपासत बसत नाही. वेळ जुळली की पुरे.

ही वेळ किती काटेकोर? सिनेमात सेकंदाला २४ चौकटी असतात, म्हणजे एक चौकट साधारण ४२ मिलिसेकंदांची. तेवढ्या वेळात आवाज हवेतून साधारण १४ मीटर जातो. म्हणजे मोठ्या थिएटरात पडद्यापासून २८ मीटरवर बसलेल्याला प्रत्येक आवाज दोन चौकटी उशिरा ऐकू येतो. त्याची तक्रार नसते. लांबच्या शेतात कुणी लाकूड फोडत असेल तर घाव आधी दिसतो, आवाज मागून येतो, याची आपल्याला सवय आहे. उलट आवाज चित्राच्या आधी आला की लगेच खटकतं, कारण निसर्गात तसं घडत नाही.

ही गाठ एकदा बसली की दिग्दर्शकाच्या हातात मोठी ताकद येते. ‘शोले’त गब्बरचा चेहरा दिसायच्या आधी खडकावरचे बूट आणि घासत जाणारा पट्टा ऐकू येतो. आपण माणसाच्या आधी त्याच्या आवाजाला घाबरतो. ‘अपोकॅलिप्स नाऊ’च्या (१९७९) सुरुवातीला वॉल्टर मर्च यांनी हेलिकॉप्टरची पाती आणि हॉटेलच्या खोलीतला छताचा पंखा एकमेकांत मिसळले. युद्ध त्या सैनिकाच्या डोक्यातून गेलेलं नाही, हे एकही शब्द न बोलता कळतं. सत्यजित राय यांच्या ‘पथेर पांचाली’त तर उलटं केलंय. हरिहर परततो, दुर्गासाठी आणलेली साडी बाहेर काढतो, आणि सर्वजया कोसळते. तिचा हंबरडा आपल्याला ऐकूच येत नाही. त्या जागी तारशहनाईचा उंच सूर आहे. रडणं दिसतंय पण कानावर येत नाही, म्हणून ते आपल्याला आपल्याच आतून ऐकावं लागतं.

आणि ‘फँड्री’. जब्याच्या घरचे सगळे डुक्कर पकडायच्या खटपटीत असतात आणि शाळेतून राष्ट्रगीत सुरू होतं. सगळे जागच्या जागी उभे राहतात. डुक्कर मात्र मोकळं. कुंपणापलीकडून आलेला एक आवाज या माणसांना थांबवतो, आणि त्यांची काय अवस्था आहे हे त्या आवाजाला माहीतही नाही. नागराज मंजुळे यांनी तिथे वेगळं काही म्हणायची गरजच ठेवली नाही.

कान हुज्जत घालत नाही

आता थोडं अडचणीचं बोलू. कथापटात हा सगळा खोटेपणा आपल्या संमतीने होतो. तिकीट काढतानाच आपण कबूल केलेलं असतं. पण वन्यजीवांच्या माहितीपटाचं काय? शेकडो मीटरवरून, लांब पल्ल्याच्या भिंगातून टिपलेल्या प्राण्याच्या पावलांपर्यंत माइक पोचत नाही. कोळ्याच्या पायांचा आवाज तर कुणालाच ऐकू येत नाही. तरी पडद्यावर येतो, कारण तो स्टुडिओत केलेला असतो. आमच्या मते यात फारसं वावगं नाही, पण ते प्रेक्षकाला माहीत असायला हवं.

खरी काळजी आहे ती खिशातल्या पडद्याची. दोन गटांच्या बाचाबाचीची मोबाइलवर आलेली एखादी चित्रफीत घ्या. तिला मोठ्या जमावाचा गोंगाट आणि काच फुटल्याचा आवाज जोडला, की चित्रातली एकही चौकट न बदलता बाचाबाचीची दंगल होते. ‘फोटोत फेरफार केलाय का’ हे विचारायला आपण आता शिकलोय. ‘हा आवाज तिथलाच आहे का’ हे अजून विचारत नाही. डोळा शंका घेतो, कान हुज्जत घालत नाही. बर्फावर न चाललेल्या माणसांनी मघाशी ‘बर्फ’ असं उत्तर दिलं, ते याच कानांनी.

म्हणून घरी जाऊन एक करा. ‘फँड्री’तला तो राष्ट्रगीताचा प्रसंग एकदा आवाज बंद करून बघा आणि एकदा डोळे मिटून नुसता ऐका. कुठली गोष्ट कुणी सांगितली, ते तुमचं तुम्हालाच कळेल. मग तेच शेवटच्या आलेल्या व्हॉट्सअॅप चित्रफितीवर करून बघा. आणि पुढच्या वेळी थिएटरात नामावली सुरू झाली की लगेच उठू नका. फॉली कलावंताचं नाव खूप खाली, बारीक अक्षरात येतं. दोन तास त्याच्या पावलांनी चाललात, तेवढं थांबायला हरकत नाही.