डबा कोण सांभाळणार?

पहिला मोठा पाऊस पडून गेला की दुसऱ्या दिवशी सकाळी मी खाली उतरते आणि आमच्या सोसायटीच्या कुंपणाजवळच्या एका झाडामागे जाते. आधी काठीने पाला बाजूला सारते, कारण पनवेलजवळच्या आमच्या कामोठ्याला खाडी जवळ आणि पावसात साप कोरडी जागा शोधत येतात. मग हाताला गार डबा लागतो. झाकण काढून आतल्या वहीच्या पानांना बोट लावून बघते. पानं कोरडी लागली की जीव भांड्यात पडतो.

झाड कोणतं, कुंपणाची बाजू कोणती, ते इथे लिहिणार नाही. ते शोधणं हाच तर खेळ आहे.

या खेळाचं नाव जिओकॅशिंग. फोनवर एका जागेचे अक्षांश-रेखांश मिळतात. तिथे जायचं, कुणीतरी लपवलेला डबा शोधायचा, आतल्या वहीत नाव आणि तारीख लिहायची आणि डबा होता तसा परत ठेवायचा. डब्यात बिल्ला, छोटी गाडी, परदेशी नाणं असं काहीबाही असतं. एखादी वस्तू घेतली तर तोलामोलाची दुसरी ठेवायची. खाण्याची वस्तू कधीच ठेवायची नाही, वासाने उंदीर-मुंग्या येतात. शेजारणी विचारतात, ‘कॅश’ म्हणजे पैसे मिळतात का? नाही. हा कॅश म्हणजे लपवून ठेवलेला साठा.

मी सव्वीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. कामोठे साधारण १९ अंश १ मिनिट उत्तर आणि ७३ अंश ५ मिनिटं पूर्व इथे येतं. अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे सुमारे १,८५० मीटर. खेळात मिनिटं दशांश चिन्हानंतर तीन अंकांपर्यंत लिहितात, म्हणजे शेवटचा आकडा एकाने बदलला तर जागा जेमतेम दोन मीटर सरकते. हे सगळं मी फळ्यावर हजार वेळा लिहिलं असेल. पण अक्षांश पायाने चालून बघितला तो २०१४ साली, भाचा जर्मनीहून सुट्टीला आला तेव्हा. तिकडे गावोगावी, जंगलवाटांवर डबे आहेत. तो मला मुंबईतला एक डबा दाखवायला घेऊन गेला. अर्धा तास शोधून तो माझ्याच हाताला लागला, आणि मला शाळकरी मुलीसारखा आनंद झाला.

हा खेळ जन्मला त्याची तारीख नेमकी सांगता येते. अमेरिकेच्या जीपीएस उपग्रहांचे संकेत सामान्य लोकांसाठी मुद्दाम अंधुक ठेवलेले असत, त्यामुळे जागा शंभर मीटरपर्यंत चुकायची. २ मे २००० रोजी ही अडवणूक उठली. दुसऱ्याच दिवशी, ३ मे रोजी, डेव्ह उल्मर नावाच्या गृहस्थाने ऑरेगन राज्यात बीव्हरक्रीक गावाजवळ एक काळी बादली ठेवली आणि तिचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर जाहीर केले. बादलीत पुस्तकं, व्हिडिओ, एक गलोल आणि घेवड्याच्या दाण्यांचा एक डबा होता. खाण्याचे पदार्थ ठेवू नयेत हा नियम तेव्हा कुठे होता! ती बादली पुढे गवत कापायच्या यंत्राखाली सापडून मोडली. त्या जागी नंतर खेळाडूंनी स्मरणाची पाटी बसवली. पण कॅन्ससमधला ‘मिंगो’ हा ११ मे २००० चा डबा अजून खेळात आहे. मधे तो नाहीसाही झाला होता, लोकांनी पुन्हा बसवला. एकाच महिन्यातल्या या दोन डब्यांकडे पाहिलं की मला वाटतं, डबा टिकतो तो कुणीतरी परत परत जाऊन बघतं म्हणून.

जगभरात आज तीस लाखांहून जास्त डबे आहेत. यादी आणि ॲप सिॲटलची एक कंपनी चालवते, पण यातले बहुतेक डबे कुणा ना कुणा हौशी माणसाने स्वतःच्या खर्चाने ठेवलेले आहेत. नवा डबा यादीत घेण्याआधी तपासणारेही पगाराशिवाय काम करणारे खेळाडूच असतात. दुसऱ्या डब्यापासून अंतर किमान १६१ मीटर आहे का, जागामालकाची परवानगी आहे का, डबा जमिनीत पुरलेला तर नाही ना, हे ते बघतात. शिवाय ते विचारतात, सांभाळणारा माणूस जवळ राहतो का?

याच प्रश्नावर भाचा अडला. त्याला जाण्याआधी मावशीच्या गावात एक डबा ठेवायचा होता. पण सुट्टीला आलेल्या माणसाने ठेवून निघून जायचं, हे चालत नाही. निघायच्या आदल्या रात्री तो म्हणाला, “मावशी, तू घेशील का सांभाळायला?” मी हो म्हटलं. कशाला हो म्हणतेय ते तेव्हा कळलं नव्हतं.

पहिलं काम परवानगीचं. सोसायटीच्या कमिटीपुढे मी डबा घेऊनच गेले, उघडून दाखवला, वही फिरवली. ठराव झाला आणि मिनिट्स बुकात लिहिला गेला. वॉचमनमामांना सांगून ठेवलं, कुणी फोनकडे बघत झाडाभोवती घुटमळलं तर हाकलू नका. आपल्याकडे हे फार महत्त्वाचं आहे. ११ जुलै २००६ ला लोकलगाड्यांत झालेले स्फोट आपण विसरलेलो नाही. मानसरोवर स्टेशनवर उभं राहिलं की बेवारस वस्तूला हात लावू नका, ही सूचना कानावर पडते. म्हणून स्टेशन, विमानतळ, देऊळ-मशीद, शाळा यांच्या आसपास डबा ठेवायचा नाही, असं माझं ठाम मत आहे. डबा पारदर्शक हवा आणि त्यावर मराठी-हिंदीत लिहिलेलं हवं : हा खेळाचा डबा आहे, आत वही आहे, कृपया इथेच ठेवा.

हे शहाणपण मला दुसऱ्या डब्याने शिकवलं. उत्साहाच्या भरात मी परवानगी घेऊन आणखी एका जागी डबा ठेवला होता, पण त्यावर चिठ्ठी लावली नव्हती. चार महिन्यांत साफसफाईत तो कचऱ्याबरोबर गेला. ज्याने उचलला त्याने त्याचं काम चोख केलं, चूक माझीच होती. वाईट वाटलं ते वहीचं. तिच्यात पुण्याहून आलेल्या एका कुटुंबाने लेकीच्या पहिल्यावहिल्या शोधाची तारीख लिहिली होती.

कोकणातला पाऊस हा या खेळाचा मोठा वैरी. जर्मनीतला डबा बर्फात टिकतो, पण इथे श्रावणात वहीचा लगदा होतो. आता मी रबरी कड असलेला चार खटक्यांचा डबा वापरते. आत वही झिपच्या पिशवीत, सोबत बुटांच्या खोक्यात मिळणाऱ्या सिलिका जेलच्या दोन पुड्या. पेन ठेवत नाही, शाई पसरते, पेन्सिलच बरी. जून ते सप्टेंबर दर पंधरा दिवसांनी पाहणी, एरवी दोन महिन्यांतून एकदा. वर्षाचा खर्च दीडशे-दोनशे रुपयांच्या पुढे जात नाही. जातो तो वेळ, आणि तो मला जड वाटत नाही.

खेळाडू मात्र थोडे. आपल्या देशात डबे विरळ आहेत, त्यामुळे एक बंद पडला की आसपास मैलोगणती काही उरत नाही. डबा बिघडल्याची खूण आली आणि सांभाळणाऱ्याने महिनाभर लक्ष दिलं नाही, की तपासनीस तो थांबवतो आणि पुढे यादीतून काढून टाकतो. बऱ्याच डब्यांचं असंच होतं. ठेवणाऱ्याची बदली होते, मूल होतं, आई आजारी पडते. त्याला दोष देता येत नाही. पण ज्यांनी वीस-पंचवीस डबे शोधले आणि एकाचंही ओलं पान बदललं नाही, त्यांच्यावर माझा राग आहे, आणि तो मी बोलून दाखवते. शोधणाऱ्याला करता येण्यासारखं पुष्कळ असतं. खिशात दोन कोरडे कागद आणि एक पिशवी ठेवावी. झाकणाला तडा दिसला तर तसं स्पष्ट कळवावं. ॲपवर ‘सापडला, धन्यवाद’ एवढंच न लिहिता वही कशी होती, पोचायला काय अडलं, हे दोन ओळींत लिहावं. माझा डबा एकदा वाचला तो अशाच एका नोंदीमुळे : ‘पिशवीचं तोंड उघडं आहे, पहिली तीन पानं ओली.’ त्या संध्याकाळी मी छत्री घेऊन खाली उतरले.

२००२ पासून या खेळात आणखी एक चाल रुजली आहे : डबा शोधायला जाताना पिशवी न्यायची आणि परतताना वाटेतला कचरा भरून आणायचा. प्रबळगडाच्या किंवा कलावंतीणच्या वाटेवर शनिवार-रविवारची गर्दी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे का हवं ते सांगायला नको. आणि कर्नाळ्याच्या पक्षी अभयारण्यासारख्या जागी डबा ठेवूच नये. खेळ माणसांचा आहे, त्याचा ताप पाखरांना नको. अशा जागांचा भूगोल सांगायचा असेल तर डब्याशिवायचा प्रकारही आहे. त्यात खडक, झरा, नदीचं वळण बघून प्रश्नांची उत्तरं पाठवायची असतात. पनवेलच्या आसपास काळा बेसाल्ट पायाखाली आहे. भूगोलाच्या एखाद्या तरुण शिक्षकाने हे मनावर घ्यावं, अशी माझी फार इच्छा आहे.

माझे गुडघे आता कुरकुर करतात. वाकून डबा काढणं आणखी चार-पाच वर्षं जमेल, पुढचं सांगता येत नाही. हा डबा दुसऱ्याच्या नावावर करून देता येतो. कामोठे, खांदेश्वर, कळंबोली, जवळपास कुठेही राहत असाल, तर आधी येऊन तो शोधा. सापडला की वहीत नाव लिहा आणि खाली लिहा, ‘सांभाळायला तयार.’ पावसाळ्यात पंधरा दिवसांत, एरवी दोन महिन्यांत मी ती वही उघडतेच.