आजोबा कामावर निघाले

ओमुता हे जपानमधील फुकुओका प्रांतातले कोळशाच्या खाणींचे जुने शहर. १९९७ साली तिथली मिइके खाण बंद झाली. आज शहरातील तीनांपैकी एकाहून अधिक माणसे पासष्टीच्या पुढची आहेत. त्यांतल्या स्मृतिभ्रंश झालेल्या एखाद्या आजोबांनी चपला घातल्या, की घरच्यांच्या पोटात गोळा येतो. का?

आपल्या कानशिलाच्या आतल्या बाजूला, मेंदूत, हिप्पोकॅम्पस नावाचा भाग असतो. नव्या आठवणी पक्क्या करणे आणि वाटांचे भान ठेवणे ही त्याची कामे. अल्झायमरच्या विकारात बहुधा हाच भाग लवकर बिघडतो. सकाळी चहा घेतला हे आठवत नाही. चाळीस वर्षांपूर्वीची नोकरी मात्र लख्ख आठवते. आपल्याला वाटते आजोबा भटकताहेत. त्यांच्या लेखी ते कामावर निघालेले असतात! अशा माणसांच्या हरवल्याच्या १९ हजारांहून अधिक नोंदी जपानी पोलिसांकडे २०२३ या एका वर्षात झाल्या.

ओमुतात २००४ पासून याची रंगीत तालीम होते. एक जण हरवलेल्या वृद्धाचे सोंग घेऊन रस्त्याने फिरतो. वर्णन दुकानदार, टॅक्सीवाले, शेजारी यांच्यापर्यंत पोहोचवले जाते. दिसणे सोपे, बोलायला मात्र लोक बिचकतात. खरा सराव त्याचाच. समोरून यावे, सावकाश बोलावे, एका वेळी एकच प्रश्न विचारावा. मागून हाक मारली तर माणूस दचकतो. तीन प्रश्न एकदम केले तर पहिला विरून जातो. 'तुमची नोकरी केव्हाच संपली' असा वाद तर घालूच नये.

२००५ पासून जपानभर सुमारे दीड तासाचे असे वर्ग सुरू झाले. परीक्षा नाही. आजवर एक कोटीहून अधिक लोकांनी ते केले, त्यांत शाळकरी मुलेही आहेत. त्याआधी २००४ मध्ये सरकारने विकाराचे नावच बदलले: मूढपणा सुचवणारा 'चिहो' शब्द जाऊन 'निंचिशो', म्हणजे आकलनाचा विकार, आला. (आपण अजून 'म्हातारचळ' म्हणतो आणि हसतो.)

ओमुताच्या शाळांत मुले याविषयीचे चित्रपुस्तक वाचून चर्चा करतात. आपल्या वर्गातही ही तालीम करता येईल. एका विद्यार्थ्याला आजोबा करा. 'कारखान्याची बस कुठे मिळेल?' एवढेच त्याने विचारत राहायचे. बाकीच्यांनी पाळीपाळीने उत्तर द्यायचे, आणि कोणत्या उत्तराने आपण शांत झालो हे शेवटी आजोबांनी सांगायचे.