पित्ताची गोळी: किती दिवस, कुणासाठी?

सकाळी चहाच्याही आधी एक गोळी घेणं हा अनेक घरांत आता दिनक्रम झाला आहे. पँटोप्राझोल, ओमेप्राझोल, रॅबेप्राझोल, इसोमेप्राझोल अशी तिची नावं. डॉक्टरांनी कधीतरी पंधरा दिवसांसाठी लिहून दिलेली ही गोळी पुढे केमिस्टकडून पट्टीवर पट्टी आणत वर्षानुवर्षं चालू राहते. दुसरीकडे, ‘या गोळीनं किडनी जाते’ असा संदेश मोबाइलवर वाचून काही जण गरजेचं औषधही एका दिवसात सोडून देतात. नुकसान दोन्हीकडे आहे, म्हणून या गोळीबद्दलचे समज तपासून घ्यायला हवेत.

गैरसमज : ही अँटासिडसारखीच, जळजळ झाली की घ्यायची गोळी आहे.

वस्तुस्थिती : अँटासिड जठरात आधीच तयार झालेल्या आम्लाचा जोर तेवढ्यापुरता कमी करतं. प्राझोल गटातलं औषध आम्ल तयार होण्यावरच बंधन घालतं. जठराच्या अस्तरातल्या पेशींत आम्ल सोडणारे सूक्ष्म पंप असतात. हे औषध रक्तावाटे तिथं पोचतं आणि त्या पंपांना घट्ट चिकटून त्यांना निकामी करतं. औषध काही तासांत रक्तातून निघून जातं, पण शरीराला नवे पंप बनवायला वेळ लागत असल्यामुळे परिणाम दिवसभर टिकतो. जेवण पोटात गेलं की हे पंप कामाला लागतात, म्हणून गोळी जेवणाआधी अर्धा ते एक तास घ्यायची असते. पूर्ण परिणाम दिसायला तीन-चार दिवस लागतात.

गैरसमज : इतके लोक घेतात, म्हणजे तिचा अपाय काहीच नसणार.

वस्तुस्थिती : जठरातलं आम्ल अन्नपाण्यातून आलेले जंतू मारतं, अन्नातलं बी-१२ जीवनसत्त्व मोकळं करतं आणि भाजी-डाळीतलं लोह शोषलं जाण्याजोगं बनवतं. वर्षानुवर्षं ते दाबून ठेवलं तर या कामांत उणेपणा येऊ शकतो. दोन वर्षं किंवा त्याहून जास्त काळ ही औषधं घेणाऱ्यांत बी-१२ची कमतरता अधिक आढळते, असं अमेरिकेतल्या 2013च्या एका मोठ्या अभ्यासात दिसलं. आपल्याकडे हा मुद्दा जास्त महत्त्वाचा आहे. शाकाहारी माणसाच्या आहारात बी-१२ आधीच कमी असतं आणि मधुमेहासाठी घेतलं जाणारं मेटफॉर्मिनही ते कमी करतं. हातापायांना मुंग्या येणं किंवा सततचा थकवा ‘वयामुळे’ म्हणून सोडून देण्याआधी रक्ततपासणी करावी.

अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेनं या गोळ्यांबाबत 2010 मध्ये हाडं मोडण्याच्या, 2011 मध्ये रक्तातलं मॅग्नेशियम घटण्याच्या आणि 2012 मध्ये क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल या जंतूमुळे होणाऱ्या तीव्र जुलाबांच्या धोक्याचा इशारा दिला. क्वचित काही रुग्णांच्या मूत्रपिंडाला अचानक सूज येते. भारतातही 2019 मध्ये औषध नियंत्रकांनी मूत्रपिंडाच्या तीव्र इजेचा उल्लेख औषधासोबतच्या माहितीपत्रकात करायला सांगितलं.

गैरसमज : मग ही गोळी विषच आहे, आजच बंद करायला हवी.

वस्तुस्थिती : हाडं, स्मृतिभ्रंश, मूत्रपिंडाचा जुनाट आजार यांच्याशी जोडलेले बरेच निष्कर्ष निरीक्षणावर आधारलेल्या अभ्यासांतून आले आहेत. गोळी घेणारी माणसं अनेकदा आधीच वयस्कर आणि आजारी असतात, त्यामुळे दोष गोळीचा की मूळ आजाराचा हे त्यातून ठरत नाही. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत सुमारे 17,600 हृदय व रक्तवाहिन्यांच्या रुग्णांपैकी निम्म्यांना पँटोप्राझोल आणि निम्म्यांना औषध नसलेली गोळी देऊन साधारण तीन वर्षं पाहिलं गेलं. स्पष्ट फरक दिसला तो फक्त आतड्यांच्या संसर्गात: पँटोप्राझोलवाल्यांत 1.4 टक्के, इतरांत 1 टक्का.

अन्ननलिकेला गंभीर जखमा असलेले, बॅरेट अन्ननलिकेचे (आम्लामुळे अन्ननलिकेचं अस्तर बदललेले), किंवा अल्सरमधून रक्तस्राव झालेला असूनही ॲस्पिरिन घ्यावंच लागणारे, अशा रुग्णांना ही गोळी दीर्घकाळ लागते. त्यांनी भीतीपोटी ती सोडली तर पुन्हा रक्तस्राव होऊन जिवावर बेतू शकतं.

गैरसमज : गोळी बंद केली की जळजळ वाढते, म्हणजे ती जन्मभर लागणारच.

वस्तुस्थिती : आम्ल दाबलं गेलं की शरीर गॅस्ट्रिन हे संप्रेरक जास्त सोडतं. औषध थांबताच त्या जोरावर आम्ल काही काळ नेहमीपेक्षा जास्त तयार होतं. डेन्मार्कमध्ये 120 निरोगी माणसांवर झालेल्या 2009च्या अभ्यासात हे नेमकं दिसलं. त्यांना पित्ताचा त्रास मुळात नव्हताच. तरी आठ आठवडे गोळी घेऊन थांबवल्यावर 44 टक्के जणांना जळजळ, आंबट ढेकर असा त्रास झाला. औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांत हे प्रमाण 15 टक्के होतं. हा त्रास सहसा काही आठवड्यांत ओसरतो. डॉक्टरांच्या सल्ल्यानं मात्रा हळूहळू कमी करणं, मधल्या काळात अँटासिड वापरणं, रात्रीचं जेवण झोपण्याआधी दोन-तीन तास उरकणं आणि पलंगाची उशाकडची बाजू उंच करणं यांचा उपयोग होतो.

गैरसमज : अँटिबायोटिक किंवा वेदनाशामक घेताना जोडीला ही गोळी हवीच.

वस्तुस्थिती : तरुण, निरोगी माणसाला दोन-चार दिवसांच्या औषधासाठी तिची सहसा गरज नसते. साठी ओलांडलेल्या, पूर्वी अल्सर झालेल्या किंवा रक्त पातळ करणारी औषधं घेणाऱ्या माणसानं वेदनाशामक घेतलं तर मात्र तिचं संरक्षण मोलाचं ठरतं. हृदयासाठी क्लोपिडोग्रेल चालू असेल तर ओमेप्राझोल आणि इसोमेप्राझोल टाळतात, कारण त्यांच्यामुळे क्लोपिडोग्रेलचा परिणाम कमी होतो.

गोळीच्या आड मोठा आजार झाकला जाऊ नये, हेही तितकंच महत्त्वाचं. काळी शौचास होणं, रक्ताची उलटी, घास अडकणं, विनाकारण वजन घटणं अशा वेळी ताबडतोब डॉक्टरांकडे जा. छातीत दडपण येऊन घाम फुटला किंवा कळ हातात, जबड्यात गेली तर ‘पित्तच असेल’ म्हणून वाट न पाहता थेट रुग्णालय गाठा.

घरात कुणाची ही गोळी दोन महिन्यांपेक्षा जास्त काळ चालू असेल, तर पुढच्या भेटीत डॉक्टरांना विचारा: ही कशासाठी सुरू केली होती, ते कारण अजून आहे का, आणि मात्रा कमी करता येईल का? कारण शिल्लक असेल तर गोळी निर्धास्त घ्या. नसेल तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली ती थांबवा.