सांडलं तर सांगा

तेलाची पिशवी फुटते तेव्हा फारसा आवाज होत नाही. काचेची बरणी पडली तर चार माणसं वळून बघतात. पिशवी मात्र ट्रॉलीच्या कडेला घासते, कोपऱ्यात उसवते आणि तेल गुपचूप फरशीवर पसरत राहतं. ज्याच्या हातून हे झालं तो गृहस्थ एकदा डावीकडे बघतो, एकदा उजवीकडे बघतो आणि ट्रॉली ढकलत पुढच्या रांगेत निघून जातो. माणूस चांगल्या घरचा असतो. हीच पिशवी घरी फुटली असती तर ‘अरे, कोणी इकडे पाय ठेवू नका’ म्हणून तोच ओरडला असता. दुकानात तो गप्प बसतो. मग पुढची पाच-दहा मिनिटं त्या तेलाचा कोणालाच पत्ता नसतो, आणि खरा धोका असतो तो त्याच मिनिटांत.

विषय तुम्हाला क्षुल्लक वाटेल. पण हडपसरपासून कोथरूडपर्यंत अशी दुकानं आज आपल्या रोजच्या वाटेवर आहेत. तिथे सांडलेलं पुसणं, फुटलेलं उचलणं, विस्कटलेलं लावणं हे कोणाचं तरी दिवसभराचं काम आहे.

पूर्वी हे काम नव्हतं का? होतं, पण वेगळं होतं. पेठेतल्या वाण्याच्या दुकानात गिऱ्हाईक आणि माल यांच्यामध्ये एक फळी असायची. आपण यादी द्यायची, वाण्यानं तोलायचं, पुडी बांधायची. आपला हात डाळीच्या पोत्याला लागलाच तर ‘काय पाहिजे?’ असा प्रश्न लगेच यायचा. सांडलं तर वाण्याच्याच हातून सांडायचं आणि त्याचाच पोऱ्या ते गोळा करायचा. घाऊक भुसार बाजारात तर सांडलेल्या धान्यालाही किंमत होती. ते झाडून, पाखडून घेणाऱ्या बायकांचं त्यावर पोट असे. लक्ष्मी रस्त्यावरच्या साडीच्या दुकानात शुभ्र गादीवर पन्नास साड्यांचा ढीग पडतो तो पसारा खरा, पण विक्रेता स्वतःच साड्या उलगडतो आणि घडीही तोच घालतो. दाखवणं आणि आवरणं हे तिथे एकच काम आहे. (पन्नास साड्या बघून ‘जरा विचार करून येतो’ म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाबद्दल तो मनात काय म्हणत असेल ते आपण न ऐकलेलंच बरं.)

मधली फळी काढून टाकण्याची कल्पना अमेरिकेतली. क्लॅरेन्स सॉन्डर्स नावाच्या व्यापाऱ्यानं 1916 साली मेम्फिस शहरात ‘पिगली विगली’ हे दुकान काढलं. गिऱ्हाइकानं आत शिरायचं, हवं ते स्वतः उचलायचं आणि बाहेर पडताना पैसे द्यायचे. नोकर कमी लागले, माल जास्त खपला. पुढे 1937 साली ओक्लाहोमा सिटीच्या सिल्व्हन गोल्डमन यांनी चाकांची ढकलगाडी आणली आणि गिऱ्हाइकाचे दोन्ही हात मोकळे झाले. या सोयीची दुसरी बाजू अशी, की वाण्याचा हात रोज तेच काम करून सरावलेला असतो आणि आपला नसतो. शेकडो अनोळखी हात दिवसभर माल उचलणार, ठेवणार, त्यातलं काही पडणारच. पुण्यात अशी दुकानं या शतकाच्या पहिल्या दशकात भराभर वाढली. आपण खरेदीची नवी पद्धत चटकन उचलली, पण जुन्या सवयी सोबत घेऊनच आत शिरलो.

भाजीच्या विभागात जरा उभे राहून बघा. मंडईत भेंडी कोवळी आहे का हे टोक मोडून बघायची आपली रीत आहे. दुधीला नख लावून बघायची आहे. मंडईतली भाजीवाली समोर बसलेली असते, ती तिसऱ्या भेंडीला ‘ताई, मोडू नका, कोवळीच आहे’ असं बजावते. मोठ्या दुकानात बजावणारं कोणी नसतं. संध्याकाळी भेंडीच्या खोक्याखाली टोकांचा सडा पडलेला असतो. नखं लागलेल्या दुधीची साल तिथे काळी पडते आणि दोन दिवसांत तिथूनच तो कुजू लागतो. द्राक्षांच्या दिवसांत, म्हणजे जानेवारी ते मार्चमध्ये, आणखी एक भर पडते. चव बघताना घड हलतो, सुटे मणी घरंगळतात. एक मणी पायाखाली आला की साल सटकते, आतला रस पसरतो आणि धडधाकट माणूसही आडवा होतो.

यात फरशीचाही दोष आहे. शहाबादीची खडबडीत फरशी पायाला धरून ठेवते. चकचकीत विट्रिफाइड फरशी दिसायला छान, पण तिच्यावर पाण्याचा किंवा तेलाचा पातळ थर आला की चपलेचा तळ फरशीला टेकतच नाही, थरावरच तरंगतो आणि घसरतो. पाणी निदान वजनानं बाजूला दाबलं जातं. तेल दाट, त्यामुळे ते सहजी हटत नाही. पावसाळ्यात छत्र्यांचं पाणी आणि बुटांचा चिखल दारातच साचतो. अशा वेळी दारात पोतं अंथरण्यासारखा जुना उपायच उपयोगी पडतो.

पुसणं हे अक्कल लागणारं काम आहे, हे आपल्या लक्षात येत नाही. तेलावर आधी पाणी ओतलं तर ते दुप्पट जागेत पसरतं. त्यावर लाकडाचा भुसा किंवा रद्दी टाकून आधी ते शोषून घ्यायचं, मग साबणाचं पाणी आणि शेवटी कोरडं फडकं. पीठ सांडलं तर उलट, पाण्याला जवळही येऊ द्यायचं नाही. नाहीतर खळ तयार होते आणि फरशीच्या सांध्यांत जाऊन बसते. अंड्याला गरम पाणी लावलं तर ते शिजून चिकटतं. त्यावर मीठ भुरभुरवून, जरा घट्ट झालं की खरवडून घ्यायचं आणि गार पाण्यानं पुसायचं. दुधाचा थेंब मांडणीखाली राहिला तर दुसऱ्या दिवशी वासानंच सापडतो. काच हातानं उचलायची नाही. मोठे तुकडे सुपलीत घ्यायचे आणि डोळ्यांना न दिसणारा चुरा ओल्या कागदानं टिपायचा. लहान मूल ओकलं तर हातमोजे आणि जंतुनाशक लागतं. तिथे एक घातक चूक होऊ शकते. संडास धुण्याचं ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र आली तर क्लोरीन वायू सुटतो. बंदिस्त जागेत तो फुप्फुसांना इजा करतो. हे प्रत्येक सफाई कामगाराला शिकवलं गेलं पाहिजे. केवळ बाटल्यांवरच्या इंग्रजी सूचनांवर भिस्त ठेवून चालणार नाही.

या साऱ्याला वेळ लागतो. तेवढ्यात एकानं पुसायचं आणि दुसऱ्यानं लोकांना अडवायचं, हा नियम. शनिवारी संध्याकाळी दुसरा माणूस मोकळा नसतो. मग ती पिवळी पाटी एकटीच उभी राहते आणि लोक तिला वळसा घालून नेमके ओल्यातूनच जातात.

आता मूळ प्रश्न. ज्याच्या हातून सांडलं तो सांगत का नाही? काही जण बेफिकीर असतात, पण माझ्या मते बहुतेक जण घाबरतात. ‘पैसे भरावे लागतील’ ही ती भीती. म्हणून कायदा काय म्हणतो ते थोडं समजून घेऊ. मांडणीवरची वस्तू उचलली म्हणजे ती आपली झाली, असं नाही. बूट्स या औषधांच्या दुकानाच्या खटल्यात 1953 साली इंग्लंडच्या न्यायालयानं सांगितलं, की स्वयंसेवा दुकानात विक्री होते ती गल्ल्यावर, मांडणीपाशी नव्हे. आपल्याकडेही करारकायदा शिकवताना याच निकालाचा दाखला देतात. आणि 1930 च्या आपल्या मालविक्री कायद्यानुसार, वेगळं काही ठरलं नसेल तर, मालकी ज्याची नुकसानीची जोखीम त्याची. तेव्हा बिल होण्याआधी फुटलेली बरणी ही दुकानाची बरणी. गिऱ्हाइकाचा निष्काळजीपणा असेल तर दुकान भरपाई मागू शकतं, पण निव्वळ हात लागून पडलं एवढ्यानं तो सिद्ध होत नाही. शिवाय घट-तूट प्रत्येक व्यापारी हिशेबात धरतोच.

ही भीती फळीच्या दुसऱ्या बाजूलाही आहे. ‘तुझ्या विभागात फुटलं, तुझ्या पगारातून कापतो’ हे वाक्य लहान-मोठ्या दुकानांतून कामगारांना ऐकावं लागतं. इथे कायदा स्पष्ट आहे. 1936 च्या वेतन प्रदान कायद्यात होतं तेच नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या वेतन संहितेतही आहे. जो माल कामगाराच्या ताब्यात मुद्दाम सोपवला होता आणि ज्याचं नुकसान थेट त्याच्याच हलगर्जीपणामुळे झालं, त्याचीच कपात करता येते. तीही त्याचं म्हणणं ऐकून घेतल्यावर. गिऱ्हाइकानं पाडलेल्या बरणीची किंमत मांडणी लावणाऱ्या पोराकडून घेणं यात बसत नाही. पण हे त्या पोराला माहीत नसतं, म्हणून फुटलेली बरणी कधी कधी तोही मांडणीमागे सरकवून देतो. दोघांच्या भीतीमुळे सांडलेलं जागच्या जागी राहतं.

आणि पुसतं कोण? मांडणी लावणारी मुलं सहसा पुसत नाहीत. त्यासाठी ‘मावशींना’ हाक जाते. मावशी ठेकेदाराकडच्या. दुकानाचा गणवेश तिचा नाही, दिवाळीत दुकानाच्या नोकरांना काही मिळालं तर त्यातही ती असेलच असं नाही. सगळे तिला मावशी म्हणतात आणि नाव फार थोड्यांना माहीत असतं. केरसुणी कोणी धरायची हे आपल्या समाजात जातीनं ठरवून दिलं होतं. त्याची सावली काचेच्या दारांच्या, गार हवेच्या दुकानातही पडलेली दिसते. जिथे व्यवस्थापक स्वतः वाकून दोन तुकडे उचलतो, तिथे बाकीचेही उचलू लागतात.

न सांडलेला पसाराही असतो. मन बदललं म्हणून पनीरचं पाकीट साबणांच्या मांडणीवर ठेवून दिलं जातं. उणे 18 अंशांत राहायचा गोठवलेला मटार बिस्किटांच्या मागे सापडतो तेव्हा मऊ पडलेला असतो. तो परत गोठवून विकणं धोक्याचं, कारण मधल्या काळात त्यात जंतू वाढलेले असू शकतात आणि थंडीनं ते मरत नाहीत, नुसते थांबतात. तो टाकूनच द्यावा लागतो. नको असलेली वस्तू बिल करणाऱ्या मुलीच्या हातात दिली तर वाचते. तिला त्याचा राग येत नाही. राग येतो तो रात्री दुकान बंद झाल्यावर, जेव्हा भरकटलेल्या वस्तूंनी भरलेल्या ट्रॉल्या घेऊन पुन्हा रांगा फिराव्या लागतात आणि तिकडे शेवटची बस निघून जाते.

फुटलेल्या काचेचा प्रवास दुकानातच संपत नाही. पुण्यात कचरा वेचणाऱ्यांची संघटना 1993 साली उभी राहिली, तिच्या नावातच काच आहे: कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत. दुकानातून निघालेली ती काच पुढे याच बायकांच्या हातात येते. म्हणून तुकडे जाड कागदात गुंडाळायचे, दोऱ्यानं बांधायचे, सुक्या कचऱ्यात वेगळे ठेवायचे आणि पुडीवर मोठ्या अक्षरात ‘काच’ असं लिहायचं. वाचता न येणाऱ्या बाईसाठी त्यावर लाल खडूनं एक फुलीही मारायची.