एका संगणकात दोन बिऱ्हाडे

विंडोज १० या कार्यप्रणालीला मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी निरोप दिला. जुलै २०१५ मध्ये बाजारात आलेली ही प्रणाली दहा वर्षे घराघरांत आणि कचेऱ्यांत राबली. तिला मिळणारी नियमित सुरक्षा अद्यतने त्या दिवशी थांबली. नावनोंदणी करणाऱ्यांसाठी वर्षभराची वाढीव सोय जाहीर झाली खरी, पण ती निव्वळ मुदतवाढ होती. विंडोज ११ कडे वळावे तर तिच्या अटी जुन्या यंत्रांना झेपत नाहीत. २०२१ मध्ये ही प्रणाली आली तेव्हाच टीपीएम २.० ही सुरक्षाव्यवस्था आणि इंटेलचा साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा प्रोसेसर ही तिची किमान पात्रता ठरली. परिणामी २०१५-१६ च्या सुमारास घेतलेला, अजूनही धडधाकट असलेला डेस्कटॉप केवळ कागदोपत्री म्हातारा झाला.

अशा वेळी ‘लिनक्स टाका’ असा सल्ला हमखास मिळतो. सल्ला वाईट नाही. उबुंटू किंवा लिनक्स मिंट या प्रणाली विनामूल्य आहेत, जुन्या यंत्रावर सुरळीत चालतात आणि मराठीसाठी युनिकोड व इनस्क्रिप्ट कळफलकाची सोय त्यांच्यात आहेच. पण मराठीतले सारेच काम युनिकोडमध्ये होत नाही. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी किंवा सीडॅकची आयएसएम वापरून वर्षानुवर्षे मजकूर जुळवणाऱ्या मुद्रण व्यावसायिकाच्या जुन्या फायली त्या त्या फॉन्टमध्ये अडकलेल्या असतात. हिशेबनिसाची टॅली विंडोजवर चालते. अशा माणसाला विंडोज सोडता येत नाही, आणि अद्यतने बंद झालेल्या विंडोजवरून बँकेचे व्यवहार करणेही शहाणपणाचे नाही. त्याच्यासाठी व्यवहार्य मार्ग एकच उरतो : दोन्ही प्रणाली ठेवायच्या, जुनी विंडोज इंटरनेटपासून तोडून फक्त ठरावीक कामापुरती वापरायची आणि बाहेरच्या जगाशी सारा व्यवहार लिनक्समधून करायचा.

मग प्रश्न येतो तो जागेचा. एकाच हार्ड डिस्कचे दोन भाग पाडून दोन प्रणाली नांदवता येतात. बरेच जण तसेच करतात, कारण त्यात खर्च नाही. पण एका खोलीत पडदा लावून दोन बिऱ्हाडे थाटण्यासारखा तो प्रकार आहे. एकाने काही हलवले की दुसऱ्याला धक्का लागतो. दुसरी डिस्क घेण्याचा खर्च हा चूल वेगळी करण्याचा खर्च आहे, आणि ज्याच्या डिस्कवर दहा-पंधरा वर्षांचे काम साठलेले आहे त्याने तो करावाच.

हा धक्का का लागतो, हे समजून घेण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. आयबीएमच्या वैयक्तिक संगणकावर १९८३ मध्ये डॉसच्या २.० या आवृत्तीबरोबर हार्ड डिस्कची वाटणी करण्याची जी पद्धत आली, ती पुढे तीसेक वर्षे टिकली. डिस्कच्या अगदी पहिल्या ५१२ बाइटांत सारा कारभार एकवटलेला असे. ४४६ बाइट संगणक सुरू करणाऱ्या चिमुकल्या आज्ञावलीसाठी, ६४ बाइट डिस्कच्या चार भागांच्या नोंदीसाठी आणि शेवटचे २ बाइट ओळखीच्या खुणेसाठी. म्हणजे डिस्कला दार एकच आणि दारावर पाटी लावायलाही जागा एकच. लिनक्स टाकली की तिचा ‘ग्रब’ हा लोडर त्या जागी बसे. काही कारणाने विंडोज नव्याने टाकावी लागली की ती ग्रबला विचारपूस न करता पुसून टाकी. पहिल्या दशकात संगणक दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडे येणाऱ्या ‘लिनक्स गायब झाली’ या तक्रारीचे मूळ बहुधा इथेच असे.

पुढे विंडोज ८ च्या काळात, म्हणजे २०१२ पासून, घरगुती संगणकांत यूईएफआय ही नवी व्यवस्था रुळली. तिच्यात डिस्कवर एक छोटा स्वतंत्र विभाग राखलेला असतो, त्याला ईएसपी म्हणतात. प्रत्येक कार्यप्रणालीने त्यात आपापला फोल्डर करून आपली सुरुवातीची फाइल ठेवायची आणि मदरबोर्डने आपल्या स्मृतीत या फायलींची यादी सांभाळायची, अशी ही रचना. कागदावर पाहता भांडण मिटले. प्रत्यक्षात मात्र एकाच डिस्कवर हा विभाग दोघींच्या सामाईक मालकीचा राहतो. विंडोजने तो तयार केला असेल तर तो बहुतेकदा अवघा १०० मेगाबाइटचा असतो, आणि विंडोजची दुरुस्ती करताना यादीतला पहिला क्रमांक ती पुन्हा स्वतःकडे घेऊ शकते.

गंमत अशी, की नुसती दुसरी डिस्क जोडल्यानेही हा प्रश्न सुटत नाही. उबुंटूच्या इन्स्टॉलरमधला एक दोष अनेक वर्षे कुप्रसिद्ध होता : लोडरसाठी दुसरी डिस्क निवडून दिली तरी तो आपल्या फायली पहिल्या सापडलेल्या ईएसपीत, म्हणजे विंडोजच्या डिस्कवर, नेऊन ठेवी. विंडोजचा इन्स्टॉलरही धुतल्या तांदळासारखा नाही. संगणकात दुसऱ्या डिस्कवर ईएसपी आढळली तर तोही आपली सुरुवातीची फाइल तिथे टाकून मोकळा होतो. वरवर दोन डिस्क, दोन प्रणाली. पण दोघींची किल्ली एकाच डिस्कवर. ती डिस्क बिघडली किंवा काढून ठेवली की दुसरीही सुरू होत नाही, आणि वेगळे बिऱ्हाड थाटण्याचा हेतूच फसतो.

यावरचा उपाय सॉफ्टवेअरमध्ये शोधण्यापेक्षा हाताने करावा. लिनक्स टाकताना विंडोजची डिस्क संगणकापासून अक्षरशः वेगळी करावी. संगणक बंद करून, भिंतीवरच्या प्लगमधून वायर काढून, डब्याचे झाकण उघडावे आणि विंडोजच्या डिस्कची डेटा केबल व वीजपुरवठ्याची केबल अशा दोन्ही काढून ठेवाव्यात. यंत्रात आता एकच नवी कोरी डिस्क उरते. इन्स्टॉलर कितीही गोंधळला तरी तो चुकीची डिस्क पुसू शकत नाही. ‘संपूर्ण डिस्क पुसून लिनक्स टाका’ हा एरवी छातीत धडकी भरवणारा पर्याय निर्धास्तपणे निवडता येतो, यातच या पद्धतीचे सारे मोल आहे. एम.२ प्रकारची एसएसडी असेल तर केबल नसते, एक बारीक स्क्रू काढून ती खाचेतून अलगद उपसावी लागते.

त्याआधी थोडी तयारी हवी. जुन्या डेस्कटॉपसाठी अडीच इंची साटा एसएसडी पुरेशी आहे. २५६ जीबीत लिनक्स आरामात राहते. शक्यतो तिची क्षमता विंडोजच्या डिस्कपेक्षा वेगळी असावी, म्हणजे पुढे कधी दोन्ही डिस्क समोर असताना ओळख पटवणे सोपे जाते. याबाबतीत एक फसगत ठरलेली : ५०० जीबीची डिस्क विंडोज ४६५ जीबी दाखवते आणि लिनक्स बहुधा ५०० च दाखवते. डिस्क तीच, मोजण्याची रीत वेगळी. साटा केबल नव्या डिस्कच्या खोक्यात बहुधा नसते, तेव्हा लॅमिंग्टन रोडवरची फेरी दोनदा करायची नसेल तर ती त्याच वेळी मागून घ्यावी. काही मदरबोर्डांवर एम.२ खाचेत एसएसडी बसवली की साटाचे एखादे पोर्ट आपोआप बंद होते, हेही बोर्डाच्या पुस्तिकेत पाहून ठेवावे. नवी डिस्क मेली आहे असे समजून ती परत करणारे ग्राहक पुष्कळदा याच कारणाने फसलेले असतात.

लिनक्सची प्रत ८ जीबीच्या पेन ड्राइव्हवर उतरवता येते. तिच्यावरून संगणक सुरू केला की डिस्कला हात न लावता प्रणाली चालवून पाहता येते. वायफाय, प्रिंटर आणि आवाज यांची परीक्षा तेव्हाच घ्यावी. प्रिंटर चालत नसेल तर ते इन्स्टॉल करण्यापूर्वी कळलेले बरे. प्रत्यक्ष इन्स्टॉलेशन हा आता या कामातला सर्वांत सोपा भाग राहिला आहे. ते आटोपले आणि लिनक्स एकदा स्वतंत्रपणे सुरू झाली, की संगणक पुन्हा बंद करून विंडोजची डिस्क जागेवर जोडावी.

यानंतर कोणती प्रणाली सुरू करायची हे ठरवणे मदरबोर्डवर सोपवावे. संगणक सुरू होताना डेल आणि लेनोव्होच्या यंत्रांवर बहुधा एफ १२, एचपीवर एफ ९, असूसच्या मदरबोर्डवर एफ ८, तर एमएसआयवर एफ ११ ही कळ दाबली की उपलब्ध डिस्कची यादी येते. रोजच्या वापराची प्रणाली यूईएफआयच्या मांडणीत पहिल्या क्रमांकावर ठेवावी आणि दुसरीसाठी ही कळ वापरावी. ग्रबच्या यादीत विंडोजचे नाव आणण्याचा खटाटोप अनेक जण करतात. त्याची काही गरज नाही. दोन प्रणालींना एकमेकींचे अस्तित्व जितके कमी ठाऊक असेल तितके बरे. २०१५-१६ च्या जोडणी केलेल्या संगणकांत विंडोज पुष्कळदा जुन्या बायोस पद्धतीनेच टाकलेली असते आणि यूईएफआयमधून सुरू झालेल्या ग्रबला अशी विंडोज सुरूही करता येत नाही. मदरबोर्डच्या यादीतून मात्र, जुन्या पद्धतीला मुभा देणारा सीएसएम हा पर्याय चालू असेल तर, दोन्ही प्रणाली सुखाने उघडतात.

डिस्क वेगळ्या केल्या म्हणजे सगळेच वेगळे झाले असे मात्र नाही. मदरबोर्ड एकच आहे आणि त्याची स्मृतीही सामाईक आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या एका सुरक्षा अद्यतनाने सिक्युअर बूटची नियमावली कडक केली. हे नियम मदरबोर्डच्या स्मृतीत लिहिले गेल्याने, ज्यांच्या यंत्रात लिनक्सही होती अशा अनेकांची लिनक्स सुरूच होईना. पडद्यावर सुरक्षा धोरणाचा भंग झाल्याचा संदेश येई. वेगळ्या डिस्कचा तिथे उपयोग नव्हता. त्यावर मायक्रोसॉफ्टची कायमची दुरुस्ती यायला मे २०२५ उजाडले. मधल्या काळात सिक्युअर बूट बंद करून लिनक्स सुरू करावी लागत होती.

याच सिक्युअर बूटशी निगडित दुसरा धोका अधिक गंभीर आहे. विंडोजची डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असेल, तर मदरबोर्डची मांडणी बदलताच विंडोज ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकते. नव्या विंडोज ११ च्या यंत्रांत हे कुलूप मालकाच्या नकळत लागलेले असू शकते. की हाती नसेल तर डिस्क शाबूत असूनही आतले काही मिळत नाही. म्हणून झाकण उघडण्यापूर्वीच ती की शोधून कागदावर लिहून ठेवावी, आणि महत्त्वाच्या फायलींची प्रत तिसऱ्या, बाहेरच्या डिस्कवर घ्यावी. संगणकात बसवलेली दुसरी डिस्क ही बॅकअप नव्हे. वीज कडाडली तर दोन्ही एकदमच जातात.

रोजच्या वापरात आणखी तीन गोष्टी टोचतात. विंडोज ८ पासून आलेल्या ‘फास्ट स्टार्टअप’मुळे ‘शटडाउन’ केलेली विंडोज खरे तर अर्धवट झोपलेली असते. तिच्या डिस्कवर लिनक्समधून काही लिहिणे त्या अवस्थेत धोक्याचे असते, त्यामुळे लिनक्स ती डिस्क केवळ वाचू देते किंवा उघडतच नाही. कंट्रोल पॅनलच्या वीजविषयक पर्यायांत जाऊन ही सोय बंद करावी. दुसरी गोष्ट उलट बाजूची : विंडोजला लिनक्सची ईएक्सटी४ ही रचना वाचता येत नाही, आणि त्या डिस्कच्या वाट्याला गेल्यास ‘ही डिस्क फॉरमॅट करायची का’ असे ती कधी कधी साळसूदपणे विचारते. घरातल्या प्रत्येकाला या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे शिकवून ठेवावे.

तिसरी गोष्ट घड्याळाची. यंत्रातले घड्याळ स्थानिक वेळ दाखवते असे विंडोज मानते, तर लिनक्स त्यात जागतिक प्रमाणवेळ ठेवते. भारतात हा फरक साडेपाच तासांचा. लिनक्स वापरून झाल्यावर सकाळी साडेअकराला विंडोज उघडली तर ती सहा वाजल्याचे सांगते, आणि इंटरनेट तोडलेले असल्याने तिला आपली चूक कळायला मार्ग नसतो. हिशेबाच्या नोंदींवर आणि फायलींवर हीच चुकीची वेळ उमटते. लिनक्समध्ये टाइमडेटसीटीएल या आज्ञेने यंत्राचे घड्याळ स्थानिक वेळेवर ठेवण्यास सांगता येते. युरोप-अमेरिकेत वर्षातून दोनदा घड्याळ मागेपुढे होत असल्याने हा उपाय तिथे डोकेदुखीचा ठरतो. भारतात तो बिनदिक्कत करावा.

लॅपटॉपधारकांचे काय? ज्या लॅपटॉपमध्ये एम.२ ची दुसरी खाच किंवा अडीच इंची डिस्कची रिकामी जागा असेल, तिथे हेच सारे करता येते. नसेल तर यूएसबीला जोडलेल्या बाहेरच्या एसएसडीवर लिनक्स टाकता येते, मात्र केबल सैल झाली की चालू काम कोलमडते. साध्या पेन ड्राइव्हवर कायमची प्रणाली थाटू नये. तो इतक्या लिहिण्या-पुसण्यासाठी बनवलेला नसतो.

आणि लिनक्सशी जमलेच नाही तर? एकाच डिस्कवर दोन भाग केलेले असतील तर लिनक्सचा भाग पुसल्यावर संगणक सुरू करताना ‘ग्रब रेस्क्यू’ असे दोन शब्द काळ्या पडद्यावर लुकलुकत राहण्याची शक्यता असते, आणि विंडोजची वाट पुन्हा मोकळी करण्यात एखादी संध्याकाळ जाते. डिस्क वेगळी असेल तर संगणक बंद करून तिची केबल काढली, की काम संपले. मदरबोर्डच्या यादीत तिचे नाव काही काळ रेंगाळले तरी त्याने विंडोजचे काही अडत नाही, आणि मोकळी झालेली एसएसडी बाहेरच्या डबीत घालून बॅकअपसाठी वापरता येते.