दहिसरचं रक्त, देवनारचे वर्ग

जुलै २०२० मध्ये दहिसर, चेंबूर आणि माटुंगा या भागांतल्या सुमारे सात हजार लोकांचं रक्त तपासलं गेलं. महापालिका, नीती आयोग आणि टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं हे सर्वेक्षण. कोरोनाची प्रतिपिंडं झोपडपट्ट्यांत ५७ टक्के लोकांत सापडली, इतर वस्तीत १६ टक्के. रुग्णालयांच्या नोंदींवरून हे कधीच कळलं नसतं; बहुतेकांना त्रासच जाणवला नव्हता. कोणाला तपासायचं, नमुना कसा निवडायचा, आकड्यांमागचं कारण कसं हुडकायचं, हे साथरोगशास्त्राचं काम. त्यात क्षय, मधुमेह, कुपोषणही येतं.

अंधेरी-मुलुंडकरांना हे शास्त्र शिकण्यासाठी शहर सोडायची गरज नाही. देवनारच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत सामाजिक साथरोगशास्त्रातलं एमपीएच (सार्वजनिक आरोग्यातली पदव्युत्तर पदवी) आहे. तिथूनच जवळ, १९५६ साली स्थापन झालेली आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था (राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण करणारी तीच) जैवसंख्याशास्त्र शिकवते. एमबीबीएस सगळीकडे लागत नाही. चेन्नईच्या राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्थेच्या एमपीएचला लागतं. संख्याशास्त्र मात्र कुठेच टळत नाही, आणि माझ्या मते खरी गाळणी तीच. अर्ज भरण्याआधी त्या वर्षीची पात्रता माहितीपत्रकात नीट वाचून घ्या.